स्वस्तातला सम्राट

प्राचीन नाणी जमवणं हा पैसेवाल्यांचा उद्योग आहे, असा आपल्याकडे पक्का समज आहे आणि तो बहुधा पैसेवाल्यांनीच पसरवला असावा. त्यात रोमन नाणं म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ऑगस्टस: सरळ नाक, रेखीव भुवई, केसांची एकेक बट शिस्तीत. अशा ऑगस्टसचं सोन्याचं नाणं चांगल्या अवस्थेत घ्यायचं तर बोईसरला फ्लॅट बुक करताना भरतात तेवढी रक्कम लागते, आणि फ्लॅटमध्ये निदान राहता तरी येतं. मग तारापूर एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या, सात तारखेला पगार आणि आठ तारखेला हप्ता अशी कुंडली असलेल्या माणसाने सम्राट बाळगायची हौस धरूच नये की काय? जरूर धरावी, आणि ती भागतेही. पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. नाण्यावरचा राजा जितका विचित्र, भलत्याच नाकाचा, हनुवटी हाताबाहेर गेलेला, तितका तो जास्त खरं बोलतो. आणि बाजार देखणेपणाचे पैसे मोजत असल्यामुळे हा खरं बोलणारा राजा स्वस्त मिळतो. शिवाय पालघर जिल्ह्यातल्या माणसाला त्याच्यासाठी रोमपर्यंत जावं लागत नाही. रोमच एके काळी गलबतात बसून इकडे येत होतं.

आधी किमतीचं पाहू. जुनं ते महाग, हे समीकरण नाण्यांना लागू नाही. इसवी सन २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोमच्या गादीवर वीसहून अधिक सम्राट बसले आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सैनिकांच्या हातून उठले. प्रत्येक नव्या सम्राटाला पहिलं काम एकच, सैन्याचा पगार. आणि चांदी तर तेवढीच. मग नाण्यात तांबं वाढत गेलं, इतकं की शेवटी चांदी फक्त वरून पुसल्यासारखी राहिली. अशी नाणी अक्षरशः ढिगांनी पाडली गेली, लोकांनी ती मडक्यांत भरून पुरली आणि पुरणारे परत आलेच नाहीत. इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ २०१० साली असं एक मडकं सापडलं, त्यात ५२,५०३ नाणी निघाली. गॅलिएनस, दुसरा क्लॉडियस, टेट्रिकस ही मंडळी आज रोमन सम्राटांमध्ये सगळ्यांत स्वस्त आहेत ती त्यामुळे. त्या काळी ज्या महागाईने रोमन नागरिक रडकुंडीला आला, तीच आपल्याला आज सवलतीच्या दरात सम्राट पुरवते आहे. इतिहासात महागाईचा गरिबाला झालेला हा बहुधा एकमेव फायदा.

आणि हे स्वस्त सम्राट दिसतात कसे? तीन दिवसांची दाढी, कपाळावर आठ्या, मानेचे स्नायू ताणलेले. मागून कोण येतंय याची काळजी चेहऱ्यावर स्पष्ट. त्याउलट ऑगस्टस. हा गृहस्थ पंचाहत्तर वर्षं जगला, पण नाण्यांवर शेवटपर्यंत तरुण. निवडणुकीच्या बॅनरवर वीस वर्षांपूर्वीचा फोटो छापणाऱ्यांचा मूळपुरुष तोच मानायला हरकत नाही. नीरोला हे जमलं नाही किंवा त्याने जमवून घेतलं नाही. त्याच्या नाण्यांवर वर्षागणिक गळ्याखाली मांस साठत जाताना दिसतं. मॅक्सिमिनस थ्रॅक्सची हनुवटी तर पहिल्या नाण्यांवर बेताची होती, पुढच्या नाण्यांवर ती नाकाच्याही पुढे निघून गेली. इतिहासकारांनी या सम्राटाबद्दल फार वाईट लिहून ठेवलं आहे, पण ते त्याचे शत्रू होते असं म्हणून सोडून देता येतं. हनुवटी मात्र त्याच्या स्वतःच्या टांकसाळीने काढलेली आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे. एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात 'पेरिप्लस' नावाचं जलमार्गाचं टाचण लिहिलं. त्यात सुप्पारा म्हणून ज्या बंदराचा उल्लेख आहे ते आपलं सोपारा, आजच्या पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातलं. लोकल पकडून तिथे जाणाऱ्यांना ते बंदर होतं हे सांगूनही पटत नाही, आणि नालासोपाऱ्याच्या पुलावर संध्याकाळी सहा वाजता उभं राहून ते पटवून देणं अवघडच आहे. त्याच टाचणात लिहिलं आहे की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून घेण्यात नफा होतो. रोमचा लेखक प्लिनी तिकडे तक्रार करत होता की भारत दर वर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. म्हणजे या किनाऱ्यावर माणसं सम्राटांचे चेहरे ओंजळीने मोजत होती. पण सगळ्यांनाच ते परवडत होते असं नाही, आणि इथे माझ्या बाजूचा सर्वांत जुना पुरावा येतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या ठिकाणी रोमन नाण्यांची मातीतली नक्कल मिळाली आहे: टायबेरियसचा चेहरा चिकणमातीत उठवायचा, भाजायचा आणि गळ्यात घालायचा. सोन्याचा सम्राट खिशाला झेपत नाही तर मातीचा घ्यावा, हा विचार दख्खनमध्ये जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी करून मोकळा झाला होता. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला ड्यूक मराठी बायकांच्या पुतळ्यांच्या माळेत येऊन बसला, आणि तो कोण, कुठला, कशासाठी वाकलाय याची चौकशी कुणी केली नाही.

रोमन चेहऱ्याचा आपल्या राजांवर काय परिणाम झाला हे पाहायचं तर क्षत्रप नहपानाकडे जावं लागतं. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे. त्यात इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट पार करण्याची सोय केल्याचं लिहिलं आहे. ही दाहानुका म्हणजे आपली डहाणूची नदी. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण असा विनिमयाचा दरही तिथेच आहे. म्हणजे जावयाने आकडे चोख ठेवले. सासऱ्याच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र सगळा सावळागोंधळ. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. त्यांचा तपशीलवार अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांच्या लक्षात आलं की नाव एकाच राजाचं आहे, पण चेहरे एका माणसाचे वाटत नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे गाल भरलेले, कुठे बसलेले, नाकं तर नाना तऱ्हांची. हे घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तो खरा असो वा नसो, एका राजाच्या किमतीत सगळं कुटुंब मिळण्याची सोय रोमन नाण्यांत नाही.

या साठ्यातली गंमत इथे संपत नाही. नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकला आहे. नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी गोळा करा, वितळवा, नवी पाडा, लोकांना रांगेत उभं करा, असलं काही त्याने केलं नाही. जुन्याच नाण्यावर आपल्या त्रिकूट टेकडीचा आणि उज्जयिनी चिन्हाचा ठसा मारला आणि चलन चालू. त्यामुळे काही नाण्यांवर नहपानाच्या गालातून डोंगर उगवलेला दिसतो, काहींवर नुसतं नाक शिल्लक आहे, काहींवर एक डोळा सातकर्णीच्या अक्षरांमधून बाहेर बघतो आहे. देखणेपणाच्या मोजमापाने हे नाणं बाद. पण एका सत्तेच्या तोंडावर दुसरी सत्ता कशी बसते हे याहून थोडक्या जागेत, दोन-सव्वादोन ग्रॅम चांदीत, कुणी सांगितल्याचं मला तरी ठाऊक नाही. स्वच्छ, न ठोकलेला, सुबक नहपान घेणाऱ्याला एक राजा मिळतो; विद्रूप घेणाऱ्याला युद्धाचा निकालही मिळतो.

नहपानानंतरच्या क्षत्रपांनी तर विचित्रपणाची परंपराच चालवली. ग्रीक नाण्यांवर राजाच्या डोक्याभोवती ग्रीक अक्षरं असतात, म्हणून यांच्याही नाण्यांवर ती हवीत. नहपानाच्या कारागिराला ती निदान जुळवता येत होती. त्याने 'राज्ञो क्षहरातस नहपानस' हेच ग्रीक लिपीत लिहिलं. पुढच्या कारागिरांना ग्रीक येत नव्हतं आणि ग्रीक वाचणारा गिऱ्हाईकही उरला नव्हता. मग नुसत्या काड्या आणि गोल. बोईसरच्या बाजारात हँगरवर लटकणाऱ्या टीशर्टांवर जसं इंग्रजी असतं, अक्षरं सगळी खरी आणि अर्थ कुणालाच नाही, तसं हे ग्रीक. पण त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत राजाचं नाव, बिरुद आणि वडिलांचं नाव मात्र न चुकता येतं. सरकारी अर्जात वडिलांचं नाव भरून घेण्याची खोड आपल्याला इथूनच लागली असावी. आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून राजाच्या डोक्यामागे चक्क शक संवताचं वर्ष घालू लागले. रोमन नाण्याची तारीख काढायला सम्राटाची पदं मोजत बसावं लागतं. क्षत्रप नाण्यावर ती मानेमागे छापलेली मिळते. हे सगळं मिळून किंमत किती? साधा, किंचित झिजलेला क्षत्रप हजाराच्या आगेमागे मिळतो. तीनेकशे वर्षं ही नाणी पडत राहिली, त्यामुळे ती भरपूर आहेत. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याने त्यांना देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे न्यूयॉर्कचा धनिक बोली लावून आपला भाव बिघडवत नाही.

पण चेहऱ्याची खरी शोभा पाहायची तर याहूनही स्वस्तात, काही शेकड्यांत मिळणाऱ्या गधैया नाण्यांकडे यावं. इराणचा सासानी सम्राट पेरोझ हा आपला नायक. हूणांनी त्याला पकडलं, सुटकेसाठी त्याला चांदी मोजावी लागली, आणि पुन्हा लढायला गेला तेव्हा ४८४ साली मेलाच. खंडणीत मिळालेल्या नाण्यांवर पेरोझचा पंखवाला मुकुट होता. हूणांनी त्यांची नक्कल केली, नक्कल हिंदुस्थानात आली, मग नकलेची नक्कल झाली, तिचीही नक्कल झाली, आणि गुजरात, माळवा, राजस्थान, कोकण इथे पुढची पाचेकशे वर्षं हा चेहरा फिरत राहिला. नाकाची एक रेघ झाली, डोळ्याचा एक ठिपका, मुकुटाची नुसती आडवी काडी. मागच्या बाजूचं अग्निकुंड आणि दोन पहारेकरी यांचे तर काही रेघा आणि टिंबं एवढेच अवशेष उरले. युरोपातल्या नाणेशास्त्रज्ञांनी याला अवनती म्हटलं. रोमच्या पश्चिम टोकाला टेट्रिकसच्या नकला करणाऱ्यांनी हेच केलं, त्यालाही ते रानटी म्हणतात. डहाणू-जव्हारच्या माणसाने हे ऐकून घ्यायची गरज नाही. वारली चित्रात माणसाचं डोकं म्हणजे एक गोल, धड म्हणजे दोन त्रिकोण, आणि तरीही तारपा वाजवणारा कोण आणि दमलेला कोण हे लांबून ओळखू येतं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. कागदावरचा ठिपका कला आणि नाण्यावरचा ठिपका अवनती, असा भेद करायला काही कारण मला दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. परवडत नाही म्हणून कुरूपतेचं तत्त्वज्ञान. आक्षेपात तथ्य आहे, कारण परवडत असतं तर मीसुद्धा ऑगस्टसकडे तिरप्या नजरेने पाहिलं नसतं. पण मुद्दा तपासून पाहण्याची सोय आहे, तीही आजीच्या ट्रंकेत. राणीछाप रुपया काढा. १८६२ पासून १९०१ पर्यंत आपल्या रुपयावर व्हिक्टोरियाचा एकच मुखवटा राहिला. इंग्लंडमध्ये १८८७ ला आणि पुन्हा १८९३ ला तिचा चेहरा बदलून वय वाढवलं गेलं. हिंदुस्थानात ती ऐंशी वर्षांची झाली तरी गुळगुळीत गालांचीच. रुपया सुंदर आहे, सोनाराकडे आजही त्याला मान आहे, आणि राज्याविषयी तो एक अक्षर सांगत नाही. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. त्याच्या अंगरख्यावर बिरुदाच्या माळेत एक हत्ती होता. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमानांमध्ये संताप उसळला, रुपये मागे घेतले गेले, उरलेले वितळवले गेले आणि पुढच्या वर्षी सोंड वाढवून हत्ती पुन्हा पेश झाला. दिल्ली दरबाराच्या वर्षी जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याची अब्रू दोन मिलिमीटर सोंडेवर अवलंबून होती, हे आपल्याला कळतं ते चुकलेल्या नाण्यामुळे. चांगल्या नाण्यांनी एवढी बातमी कधी दिली?

दुसरा आक्षेप बनावट नाण्यांचा. जे विचित्र आणि स्वस्त ते खोटं नसेल कशावरून? याचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. खोटं नाणं पाडायलाही मजुरी लागते, म्हणून बनवणारा जिथे नफा मोठा तिथे जातो. तीनशेच्या गधैयासाठी साचा कोरणारा कारागीर अजून जन्मायचा आहे. क्षत्रपांत मात्र जपावं, तिथे हात मारणारे आहेत. खरा धोका वेगळ्याच दुकानात आहे. जत्रेत ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून रामदरबाराचं, हनुमानाचं नाणं विकतात, वर १८१८ साल. कंपनीने असलं नाणं कधी पाडलेलं नाही. तरी ते तांदळाचे दाणे ओढून घेतं आणि म्हणून कोट्यवधींचं आहे, अशी समजूत पसरवून लोकांना लुबाडलं गेलं आहे. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, ट्रॅक्टरवाली नोट घरबसल्या श्रीमंत करते, हे संदेश मोबाइलवर इतके फिरले की २०२१ साली रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की आमच्या नावाने जुनी नाणी कुणी विकत घेत नाही. गंमत अशी की या लाखाच्या नाण्यांवर विश्वास ठेवणारे लोकच अस्सल क्षत्रपाला हजार रुपये म्हटल्यावर 'फसवतोय' म्हणून पुढे निघून जातात.

तिसरा आक्षेप घरातून येतो: याचा उपयोग काय? उपयोग नाही, हे कबूल करून टाकलेलं बरं. पण जपणुकीचा खर्चही नाही. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे, आणि त्या बाबतीत तारापूरकरांना बाहेरून काही आणावं लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूर ९३.६९ गुणांनी पहिलं आलं होतं. परदेशात नाण्यावरच्या अशा जुन्या गडद छटेला संग्राहक जादा पैसे मोजतात. इथे ती खिडकी उघडी ठेवली की मिळते, अर्थात फुप्फुसांसकट. एकच शत्रू सांभाळायचा: दिवाळीची साफसफाई. चिंच, रांगोळी किंवा पितांबरी हातात घेतलेल्या गृहलक्ष्मीपुढे अठराशे वर्षांचा क्षत्रप रुद्रसेन दोन मिनिटं टिकत नाही.

चौथा आक्षेप, आपल्या हौसेपायी माती उकरली जाते हा, मात्र गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. जोगलटेंभीच्या साठ्याने इतकं सांगितलं ते तो एकत्र मोजला गेला म्हणून. बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उत्खनन केलं, तेव्हा दगडी पेटीत आठ बुद्धमूर्तींबरोबर यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं. त्यावरही रोमन-क्षत्रप धर्तीचा राजाचा चेहरा आहे. ते एक नाणं सोपाऱ्याच्या काळाबद्दल बोलतं, कारण ते कुठे आणि कशाशेजारी होतं हे आपल्याला माहीत आहे. तेच नाणं प्लॅस्टिकच्या पाकिटात आलं असतं तर तो नुसता एक मिशीवाला गृहस्थ. माझा सगळा युक्तिवाद चेहरा काय बोलतो यावर उभा आहे, आणि चेहऱ्याला बोलतं करणारी माती आपल्यासारख्या गिऱ्हाइकांच्या मागणीपायीच उकरली जाते. स्वस्त नाण्यांची उकराउकर कमी होते हे खरं, पण अजिबात होत नाही असं नाही. म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावं, पावती घ्यावी, कुठून आलं ते विचारावं, आणि 'एका जुन्या संग्रहातलं' हे उत्तर मिळेल याची तयारी ठेवावी. शेतात नांगराला लागलेलं तर घेऊच नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ही दहा रुपयांची मर्यादा व्हिक्टोरियाच्या राज्यात ठरली आणि कुणी बदलली नाही. आज कळवायला निघालेल्या माणसाचे बोईसरहून कोळगावच्या कलेक्टर कचेरीपर्यंत शेअर रिक्षालाच त्याहून जास्त जातील.